लिंबाला नव्वद दिवस द्या

माणसाच्या हातात कात्री आली की त्याला सगळं जग वाढलेलं दिसायला लागतं. न्हाव्याचं ठीक आहे, त्याचा तो धंदा आहे. शिंप्याचंही ठीक आहे. पण ज्या सद्गृहस्थांनी उभ्या जन्मात स्वतःच्या नखांखेरीज काही कापलेलं नाही, ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फांद्या छाटायची कात्री घेऊन कागदी लिंबाच्या झाडाभोवती घिरट्या का घालू लागतात, हे कोडं मला ग्वाल्हेरात पंचेचाळीस वर्षं काढूनही उलगडलेलं नाही. रात्री पाला पडतो. सकाळी लिंबाची पानं शिजवलेल्या मेथीसारखी लिबलिबीत दिसतात, दोन दिवसांत काळी-तपकिरी होतात, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली तज्ज्ञ मंडळी अंगणात जमतात. निकाल एकमताने लागतो : "गेलं!" एकदा "गेलं" म्हटलं की पुढच्या विधीला वेळ लागत नाही. माझा या मंडळींशी उभा दावा आहे, आणि तो मी आज चारचौघांत मांडणार आहे.

पण आधी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. शिंदेसरकारांच्या मागोमाग इकडे आलेल्या आणि परतीचं तिकीट हरवून बसलेल्या आम्हा ग्वाल्हेरकर मराठी माणसांच्या तोंडी 'पाला' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक तुमचा, म्हणजे झाडाची पानं. दुसरा हिंदीतला, म्हणजे पिकं जाळणारं गोठलेलं दव. पुण्याचे आमचे मेहुणे एकदा ऐन थंडीत आले होते. सकाळी सौ. घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "अहो दादा, रात्री पाला पडला हो!" मेहुण्यांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "मग झाडून घ्या की. त्यात रडण्यासारखं काय आहे?" मेहुण्यांचं हे वाक्य लक्षात ठेवा. त्यात त्यांना स्वतःला कळलं नाही एवढं शहाणपण आहे. ते पुढे येईल.

आता तुम्ही म्हणाल, ग्वाल्हेर म्हणजे काही काश्मीर नव्हे, तिथे बर्फ कुठला? बरोबर आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तो सबंध महिना आम्ही लिंबाच्या सरबतावर काढतो. पण डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी अशा दोन-चार रात्री येतात, की उन्हाळ्याची ती सगळी सोय एका झटक्यात काळी पडते. दिल्लीचंच बघा ना. १६ जानेवारी १९३५ ला तिथे पारा शून्याच्या खाली ०.६ गेला होता, आणि अगदी अलीकडे, १ जानेवारी २०२१ ला, १.१ अंशांवर आला. आमचं हवामान त्याच खानदानातलं.

त्यातही आकडा फसवा असतो. पेपरात किमान तापमान तीन अंश छापून येतं आणि अंगणात विसरलेल्या परातीतल्या पाण्यावर मात्र बर्फाची पापडी असते. यात खोटं कुणीच बोलत नाही. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारएक फूट उंचीवर, एखाद्या मॅनेजरसारखा केबिनमध्ये बसलेला असतो. त्याला लागते ती केबिनमधली थंडी. काउंटरवरची थंडी निराळी. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी अशा रात्री जमीन आणि झाडाची पानं दिवसभर साठवलेली ऊब आकाशाकडे उधळत बसतात. वर ढगांचं पांघरूण नसलं की ती ऊब परत यायचा प्रश्नच नाही. गार झालेली हवा जड, ती खाली साचते. म्हणून पेटीत तीन अंश असताना गवताच्या पात्यावर शून्य असू शकतं. लिंबाचं झाड बिचारं काउंटरवरच उभं असतं.

लिंबाच्या घराण्यात थंडी सोसायची ताकदही सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. महाळुंग आणि कागदी लिंबू हे सगळ्यांत नाजूक. मोसंबी जरा काटक, संत्र्याची जात त्याहून काटक. आणि याच घराण्यातलं तीन पानांचं एक काटेरी चिनी झाड आहे, ते हिवाळ्यात सगळी पानं टाकून देतं आणि शून्याखाली पंधरा अंशांतही जिवंत राहतं. फक्त त्याचं फळ माणसाला खाववत नाही. आम्ही अर्थातच घरोघर लावतो ते कागदी लिंबू. कारण पोह्यांवर पिळायला तेच लागतं.

आता उपायांकडे वळू. थंडीची लाट येणार असं रेडिओवर सांगितलं, की आमच्या गल्लीत झाडांना कपडे चढवायचा कार्यक्रम सुरू होतो. जुनी चादर, फाटकी सतरंजी, मुलाच्या मुंजीतलं उरलेलं शामियान्याचं कापड. हे सगळं झाडाच्या डोक्यावर टाकतात आणि खाली बुंध्याशी सुतळीने आवळून बांधतात. झाडाला माकडटोपी आणि मफलर! बघणाऱ्याला बरं वाटतं. झाडाला काहीही वाटत नाही. कारण माकडटोपीत ऊब नसते; ऊब माणसाच्या डोक्यात असते, टोपी ती फक्त अडवून धरते. (काहींच्या डोक्यात ती जरा जास्तच असते, ते सोडा.) झाड स्वतः ऊब तयार करत नाही. त्याला जी काही ऊब मिळायची ती पायाखालच्या जमिनीतून. तेव्हा पांघरूण तंबूसारखं चारी बाजूंनी थेट जमिनीला टेकलं पाहिजे, म्हणजे जमिनीतून निघणारी ऊब आत कोंडून राहील. बुंध्याशी आवळलंत की तुम्ही ती ऊब बाहेर ठेवून दाराला कडी लावलीत. प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटू देऊ नये. चिकटला की नेमकी तीच पानं जळतात. आणि सकाळी ऊन आलं की पांघरूण काढायचं. जमिनीने उन्हात दिवसभर कमवायचं, तेव्हा कुठे रात्री खर्च करायला काही असतं. कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा ओली, दबलेली, उघडी माती जास्त ऊब साठवते, म्हणून लाट यायच्या आदल्या दिवशी दुपारी पाणी द्यावं आणि झाडाखालचा पेंढा-पाचोळा बाजूला सारावा. पेंढा घातल्यावर माती उबदार राहते हे खरं. पण ऊब मातीपाशीच राहते, पानापर्यंत पोचत नाही.

तंबूच्या आत पूर्वी एक शंभर वॉटचा पिवळा बल्ब, कापडापासून लांब, टांगला की काम भागायचं. तो बल्ब वीज खाऊन उजेड कमी आणि उष्णता फार द्यायचा, म्हणून लोकांनी त्याला नावं ठेवली. आता सगळीकडे एलईडी. उजेड भरपूर, ऊब नावाला. माझ्याकडे जुन्या बल्बांची एक माळ आहे ती मी जपून ठेवली आहे. जानेवारीत ती लिंबावर लागली की येणारे-जाणारे विचारतात, "तुळशीचं लग्न राहिलं होतं का यंदा?"

धुराबद्दल जास्त लिहीत नाही. ओला पाचोळा पेटवून धूर केला की पाला पडत नाही, अशी आमच्या शेजाऱ्यांची श्रद्धा आहे. शेतात ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, निफाडकडे द्राक्षाच्या बागांतही पेटवतात, तिथे उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिने हवा ढवळली जाण्याचा. नुसता धूर जमिनीची ऊब फारशी अडवत नाही. वाड्याच्या अंगणात त्याने फक्त आजोबांचा खोकला वाढतो. तीच गोष्ट पिकांवर फवारायच्या गंधकाच्या पातळ आम्लाची. हजार लिटर पाण्यात एक लिटर असं ते शेतासाठी सांगतात. शेतावर काय करायचं ते शेतकऱ्याने ठरवावं. पण ज्या घरात फिनेलची बाटली कुठल्या फळीवर ठेवायची यावरून दोन दिवस अबोला राहतो, त्या घरात आम्ल आणू नये.

कुंडीतलं लिंबू असेल तर वाद नाही, उचलून आत घ्यावं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात एवढ्यासाठी प्रचंड मोठं दालन बांधवून घेतलं. संत्र्या-लिंबांची झाडं लाकडी पेट्यांतून हिवाळ्यापुरती आत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बाहेर. आमच्याकडे दालन नाही, जिन्याखालची जागा आहे. लुईकडे माणसं होती, आमच्याकडे मी आणि मुक्कामाला असलेच तर मेहुणे.

जमिनीतल्या झाडासाठी मात्र एक उपाय मला मनापासून पटतो आणि त्याला कारण व्यावसायिक आहे. थंडीआधी बुंध्याभोवती दीड-दोन फूट उंच मातीचा ढीग चढवायचा. वरच्या फांद्या गेल्या तरी ढिगाखालचं खोड शाबूत राहतं आणि त्यातून झाड पुन्हा फुटतं. अमेरिकेतले संत्र्याचे बागाईतदार या क्रियेला काय म्हणतात ठाऊक आहे? बँकिंग! चोवीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केली, पण या धंद्यात खरोखर कुणाचा जीव वाचतो हे मला त्या शब्दाने कळलं. फक्त ही ठेव मुदतीची आहे. थंडी सरली की माती काढून घ्यावी लागते, नाहीतर साल कुजते. ठेव ठेवून विसरणाऱ्यांचं काय होतं ते आम्ही काउंटरवरून रोज पाहतो.

एवढं सगळं करूनही एखाद्या वर्षी झाड काळं पडतंच. या जानेवारीत आमचं पडलं. आणि तिथूनच भांडणाला सुरुवात झाली.

झाड आहे आमच्या वाड्याच्या सामायिक अंगणात. लोणच्यासाठी आणलेल्या लिंबांतल्या बिया आईने तुळशीच्या मागे टोचल्या होत्या, त्यातलं हे एक. आई गेली, लोणच्याची बरणी गेली, झाड राहिलं. आता आमच्या चुलत बंधूंना, म्हणजे दादाला, गेल्या दिवाळीत गाडी घेतल्यापासून त्या झाडात नाना रोग दिसू लागले होते. कधी त्याला त्यावर डिंक दिसे, कधी सुरवंट. पाला पडल्यावर तर त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं, ते मी कर्जाच्या अर्जावर सही मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. "फार वाईट झालं रे," तो म्हणाला, आणि बोलता बोलता पावलांनी जागा मोजू लागला. अकरा पावलं भरली. गाडी नऊत बसते.

त्याच्या बाजूने मुद्दे तीन. पहिला, झाड मेलं. दुसरा, वाळलेल्या लाकडाला बुरशी लागते, ती पसरायच्या आत कापावं. तिसरा, लिंबं बाजारात मिळतात.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत पोकळ आहे. लिंबं बाजारात मिळतात हे खरं. २०२२ च्या एप्रिलमध्येही मिळत होती, किलोला तीनशेच्या वर! एकेक लिंबू दहा रुपयांना. तेव्हा हाच दादा रोज संध्याकाळी "जरा फुलपाखरं बघतो" म्हणून अंगणात यायचा आणि त्याच्या सदऱ्याचे खिसे फुगलेले असायचे. मी काही बोललो नाही. पण पासबुकात नोंद आहे.

पहिला मुद्दा, झाड मेलं. कुणी सांगितलं? आमच्या बँकेत कर्जदाराने हप्ता चुकवला, फोन उचलला नाही, दुकानाला कुलूप लावलं, तरी आम्ही त्याला "गेला" म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो २००४ पासून लागू आहे : हप्ता थकून नव्वद दिवस उलटल्याशिवाय खातं अनुत्पादक ठरवता येत नाही. ठरल्यावरसुद्धा लगेच बुडीत नव्हे. पहिले बारा महिने ते 'सबस्टँडर्ड', मग 'डाउटफुल', मग कुठे 'लॉस'. लाखो रुपये घेऊन बसलेल्या माणसाला एवढी सवलत, आणि जन्मभर फुकट लिंबं देणाऱ्या झाडाला तीन दिवस? जानेवारीच्या मध्यावर पाला पडला तर नव्वद दिवसांनी एप्रिलचा मध्य येतो. तोवर झाडाने काय ते सांगितलेलं असतं.

निवृत्त लोकांना दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस समोर खुर्चीवर बसून पंख्याबद्दल तक्रार करत असला तरी तो हयात आहे हे कागदावर लागतं. लिंबाचा हयातीचा दाखला फार सोपा आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडायची. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं की हयात. तपकिरी, कोरडं दिसलं तर थोडं खाली यायचं आणि पुन्हा खरवडायचं. मी दादाला हात धरून नेलं, चार ठिकाणी दाखवलं. शेंडे गेलेत. मनगटाएवढ्या जाड फांद्या हिरव्या आहेत. तो म्हणाला, "तो बुरशीचा रंग असेल."

आणि आता मेहुण्यांचं ते वाक्य. पाला पडला, तर झाडून घ्या! अहो, तोच तर शुभशकुन आहे. गोठून मेलेली पानं काही दिवसांत आपोआप गळून पडली, तर समजावं की फांदी जिवंत आहे. पान गळणं हे मेलेल्या फांदीचं काम नव्हे. देठाशी पान तोडून द्यायला फांदीत जीव असावा लागतो. उलट पानं वाळून कोळ झाली आणि तरीही फांदीला घट्ट चिकटून राहिली, तर त्या फांदीची आशा कमी. थोडक्यात, पाला पडल्यावर पाला पडला तर बरं, आणि पाला पडूनही पाला पडला नाही तर काळजी. हे वाक्य मी दादाला सांगितलं. त्याने माझ्याकडे मलाच पाला लागल्यासारखं पाहिलं. पण आमच्या झाडाखाली दहाव्या दिवशी घमेलंभर पानं पडली होती आणि ती मी स्वतः झाडून काढली, इतक्या आनंदाने मी घरात कधी झाडू हातात घेतल्याचं सौ.ला आठवत नाही.

राहिला बुरशीचा मुद्दा. हा खरा आहे आणि मी तो मानतो. वाळलेलं लाकूड काढायलाच हवं. वाद आहे तो तारखेचा. थंडीने जखमी झालेली फांदी एका दिवसात मरून थांबत नाही. पुढे कितीतरी आठवडे शेंड्याकडून खाली वाळत येते. ती कुठे थांबणार हे जानेवारीत तिलाही ठाऊक नसतं, तर दादाला कुठून असणार? आज कापाल ते एकतर जास्त कापाल, नाहीतर पुन्हा कापावं लागेल. शिवाय छाटणी केली, वर खताची मूठ टाकली, की झाड भर थंडीत नवी कोवळी पालवी फोडायला निघतं, आणि थंडीची दुसरी लाट नेमकी तिचीच वाट बघत असते. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात २९ डिसेंबर १८९४ ला कडाक्याचा हिमपात म्हणजे गोठण झाली. फळं गेली, पानं गेली, पण पुष्कळशी झाडं वाचली. जानेवारी उबदार गेला, झाडांत रस चढला, पालवी फुटली. लोक म्हणाले, वाचलो. ७ आणि ८ फेब्रुवारी १८९५ ला दुसरी लाट आली आणि रसाने भरलेल्या खोडांच्या साली फुटल्या. पन्नास लाख पेट्यांच्या घरातलं संत्र्याचं पीक पुढल्या मोसमात दीड लाखाच्या आसपास आलं. तिथे पालवी उबदार हवेने फोडली होती. आपण ती कात्रीने फोडणार, एवढाच फरक.

आणि मे महिना विसरलात का? वरच्या फांद्या उडवल्या की कोवळ्या सालीवर आमचं पंचेचाळीस अंशांचं ऊन थेट पडणार. थंडीतून वाचलेलं खोड उन्हाने भाजणार. उघड्या पडलेल्या फांद्यांना चुना फासायचा, पाणी बेताने द्यायचं (पानंच नाहीत तर पिणार कोण?), आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं हाच या सगळ्या बागकामातला अवघड भाग आहे.

पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त इंजिनियर साहेबांना ते जमलं नाही. त्यांची मोसंबी अशीच काळी पडली, तेव्हा त्यांनी प्रजासत्ताकदिनाच्या सुट्टीचा मुहूर्त साधून ती घोट्याएवढी ठेवून कापली. एप्रिलात बुंध्यातून असे फुटवे आले की साहेब पेढे वाटायला निघाले. दोन वर्षांत झाड छपराला लागलं. मग फळ धरलं : खडबडीत सालीचं, गाठाळ, आणि तोंड वाकडं करणारं आंबट. मोसंबीचं कलम बांधतात जंबेरीवर, जिला इकडे जट्टी-खट्टी म्हणतात. कलम जिथे बांधलं होतं त्याच्या खालून साहेबांनी कापलं, मोसंबी गेली आणि तिची पायाखालची भाडेकरीण मालकीण झाली. साहेब अजूनही सांगतात की यंदा पाऊस कमी म्हणून गोडी उतरली. आमचं लिंबू बियाचं आहे. कागदी लिंबाची बी बहुधा आईचीच हुबेहूब नक्कल काढते, तेव्हा ते मुळापासून फुटलं तरी तेच लिंबू येईल. पण ही गोष्ट मी दादाला मुद्दाम सांगितलेली नाही. तो म्हणेल, मग मुळापासूनच कापू.

हे लिहितोय तेव्हा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू आहे. झाड उभं आहे, काळं, खराट्यासारखं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाईट दिसतं हे मला मान्य आहे. वाड्यातल्या पाच बिऱ्हाडांपैकी दोन कापण्याच्या बाजूने, दोन माझ्या बाजूने, आणि पाचव्या काकू म्हणतात की त्यांना दोन्हीकडचं पटतं. दादाने रविवारी माळी बोलावला होता. माळी आला, चहा प्याला, पण त्याच्याकडे कात्री नव्हती आणि घरातली सापडली नाही. ती लॉकरमध्ये आहे, सौ.च्या बांगड्यांच्या डब्याशेजारी. लॉकर दोघांच्या सहीने उघडतो, आणि मी पंधरा एप्रिलपर्यंत सही करणार नाही.